गणपतीवरचे फळांचे छत : माटवी कशी बांधतात आणि ती टिकते कशी?

यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टला होती. शहरात मखर विकत आणणाऱ्याला या अठरा दिवसांच्या फरकाने काही बिघडत नाही. सिंधुदुर्गात बिघडते. कारण इथे गणपतीच्या डोक्यावरची मुख्य सजावट दुकानातून येत नाही. ती परसातून, बागायतीतून आणि रानातून येते. अठरा दिवसांत चिबूड सरत येतो, हिरवे कवंडळ लाल होते आणि कांगणीच्या घोसांना पिवळा रंग चढतो.

या सजावटीला सिंधुदुर्गात माटवी म्हणतात. काही घरांत मंडपी हा शब्द चालतो आणि गोव्यात गेले की तीच माटोळी होते. 'माटव' म्हणजे मांडव. त्याचे हे लहान रूप. गणपतीच्या वर आढ्याला टांगलेली लाकडी चौकट आणि तिला लटकवलेली ताजी फळे, भाज्या, शेंगा, पाने, फुले. पाहुण्यांसमोर फळांची परडी सजवून ठेवण्याची रीत जगभर आहे. इथे मात्र फळे ताटात नसून डोक्यावर आहेत आणि त्यातली निम्मी खायची नसतात.

वालावलसारख्या गावात ही परंपरा समजायला सोपी जाते. कुडाळ तालुक्यातले हे गाव कर्ली नदीच्या काठी आहे. लक्ष्मीनारायणाचे जुने मंदिर, शेजारचा तलाव, भोवती माड-पोफळीची बागायत, बागायतीला लागून डोंगराचा उतार. माटवीला जे जे लागते ते एका माणसाच्या चालण्याच्या अंतरात मिळावे, अशीच ही रचना. नारळ, केळी, बेडे (म्हणजे ओली सुपारी) बागायतीतून. तवसे, दोडकी, भोपळा मांडवावरून. आणि बाकीचे उतारावरून, शेताच्या बांधावरून आणि गडग्यावरून. या 'बाकीच्या'कडे पुढे यायचे आहे.

आधी चौकट, मग वजनाचा हिशेब

माटवीची चौकट साधारण गणपतीच्या आसनाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी. लाकडी रिपा, बांबू किंवा पोफळीच्या खोडाच्या चिरलेल्या पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या बांधून जाळी तयार करतात. अनेक घरांत तीच चौकट वर्षानुवर्षे वापरतात. गणपती गेले की ती पुन्हा माळ्यावर जाते.

नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. फळे किती सुंदर दिसतील याचा विचार होतो, ती किती जड आहेत याचा होत नाही. सोडणासकट एक नारळ सहज दीड किलोचा भरतो. दहा नारळ म्हणजे पंधरा किलो. त्यात केळ्यांचा एक घड, बेड्यांची दोन-तीन शिपटे, एखादे पपनस, तवसे आणि भोपळा धरला, तर मध्यम आकाराच्या माटवीचे वजनही चाळीस किलोच्या घरात जाते. जुन्या कौलारू घरात वासे आणि भाल असतात, त्यांना दोर टाकून हे वजन पेलता येते. स्लॅबच्या घरात मात्र स्लॅब घालतानाच चार हूक सोडावे लागतात. गावात नवे घर बांधताना पंख्याच्या हुकाबरोबर माटवीचे हूक कुठे येणार, हे मिस्त्रीला सांगून ठेवायचे. ते राहून गेले, तर मग भिंतीला टेकवलेल्या स्टँडवर काम भागवावे लागते आणि फळे छत न राहता कमान होतात. पंख्याच्या हुकाला चौकट टांगणे हा उपाय दिसायला सोपा असला तरी धोक्याचा; एकाच बिंदूवर टांगलेली चौकट एका बाजूला फळ जास्त झाले की कलते.

म्हणून बांधण्याचा क्रम ठरलेला असतो. चौकट आधी कमरेच्या उंचीवर टांगायची किंवा दोन बाकांवर ठेवायची. सगळ्यात जड वस्तू प्रथम आणि त्या चार कोपऱ्यांत, जिथे दोर आहेत तिथे. नारळ जोडीने बांधतात. त्यासाठी वेगळी दोरी लागत नाही. दोन्ही नारळांच्या सोडणाची एकेक पात सोडवून त्यांचीच गाठ मारायची आणि जोडी रिपेवर दोन्हीकडे टाकायची. एक नारळ दुसऱ्याला तोलून धरतो. केळ्यांचा घड आणि बेड्यांची शिपटे आडव्या-उभ्या रिपांच्या छेदावर. मग मध्यम वजनाची फळे आणि शेवटी हलकी रानफळे, घोस, फुले. आंब्याचे टाळ सगळ्यात शेवटी रिपा झाकण्यासाठी. टाळ आधी लावले की गाठी मारायला जागा दिसत नाही आणि पाने चुरगळतात, ते वेगळेच.

दोऱ्याचेही असेच. सुतळी आज सगळीकडे मिळते, पण जुनी पद्धत केवणीच्या सालीच्या वाकाची किंवा केळीच्या सुकलेल्या सोपाची. केवण म्हणजे जिच्या पिळदार शेंगांना मुरुडशेंग म्हणतात ते झुडूप. तिच्या सालीचा धागा इतका चिवट की गुरांची दावी त्याची वळत. ओला वाक सुकताना आवळतो, म्हणजे गाठ दिवसेंदिवस घट्ट होते. नायलॉनची दोरी उलट वागते. गुळगुळीत देठावरून ती सरकते आणि पाचव्या दिवशी पपनस आरतीच्या तबकात येऊन पडते.

सर्वांत खालचे फळ आणि मूर्तीचा मुकुट यांत किमान हातभर अंतर हवे. हे सौंदर्यासाठी नाही. विसर्जनाला मूर्ती उचलताना ती आधी सरळ वर जाते, मग पुढे येते. त्या क्षणी मुकुट घडाला अडकला, तर काय होते हे सांगायला नको. समईच्या थेट वरही काही टांगू नये. ज्योतीची गरम हवा वर चढते आणि त्या रेषेतली पाने एका रात्रीत करपतात.

अकरा दिवस फळे टिकतात कशी?

कोकणात गणपती दीड दिवसाचा, पाच, सात, अकरा, काही घरांत सतरा-एकवीस दिवसांचाही. दीड दिवसाच्या माटवीत काहीही टांगा, चालते. अकरा दिवसांच्या माटवीला डोके लावावे लागते.

फळे दोन प्रकारची असतात. काही झाडावरून काढल्यावरही पिकत राहतात : केळी, चिकू, पेरू, सीताफळ, पपई. पिकताना ती इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि हाच वायू शेजारच्या फळालाही पिकवतो. आढीत आंबे पेंढ्यात दाबून ठेवण्यामागचे रहस्य तेच. दुसरी फळे काढल्यावर पिकत नाहीत : पपनस, महाळुंग, लिंबू, अननस. नारळ-सुपारीचाही या भानगडीशी संबंध नाही. तवसे आणि काकडी मात्र स्वतः फारसा वायू सोडत नाहीत, पण दुसऱ्याचा त्यांना लगेच बाधतो. केळ्यांच्या घडाशेजारी टांगलेली हिरवी काकडी पिवळी पडते.

यातून साधा नियम निघतो. केळीचा घड पूर्ण भरलेला, पण कच्चा हिरवा घ्यायचा आणि एका कडेला, खिडकीच्या बाजूला टांगायचा. चिकू, पेरू, सीताफळ निबर असतानाच देठ-पानासकट तोडायचे. तवसे आणि दोडकी घडापासून जितकी लांब जातील तितकी बरी. चिबडाचा मात्र भरवसा नाही. पिकला की तो आपोआप उकलतो. टांगायचाच असेल, तर कच्चा आणि जाळीत. नाहीतर गणपतीपुढे सुपात ठेवलेला बरा. उशिराच्या चतुर्थीला चिबूड हवाच असेल, तर त्याचे काही बी पंधरा दिवस उशिरा टाकण्याचा विचार जूनमध्येच करावा लागतो. तेव्हा तो कुणालाही सुचत नाही.

खरा शत्रू उष्णता नसून भाद्रपदातली दमट हवा आहे. पावसात काढलेले फळ ओलेच टांगले, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देठाच्या खाचेत बुरशी धरते. शक्यतो उघडीप पाहून फळे काढायची, रात्रभर पडवीत पसरून वाऱ्यावर सुकू द्यायची, पुसायची आणि मगच बांधायची. देठ वीतभर लांब ठेवला की गाठ देठाला बसते, फळाला नाही. सालीला काच पडत नाही. जिथे साल फुटते तिथे रस येतो, रस आला की चिलटे येतात आणि चिलटे एकदा आली की पूर्ण माटवीवर फिरतात. म्हणून रोज सकाळच्या पूजेआधी एकाने माटवीवर नजर टाकून मऊ पडलेले फळ काढून घ्यायचे. ते खाऊनही टाकायचे. माटवीतले फळ विसर्जनाआधी काढू नये असे काही घरांत मानतात. पण सडके फळ देवाच्या डोक्यावर ठेवण्यापेक्षा ते उतरवणे बरे, असेही तितकीच जाणती माणसे सांगतात.

रानातले काय काय आणि त्यातले विषारी कोणते?

नारळ-केळ्यांनी माटवी भरते, पण तिला माटवीपण येते ते रानफळांनी. कांगणी किंवा कांगले म्हणजे मालकांगोणीचा वेल. त्याची पिवळी फळे तडकली की आतून शेंदरी बिया दिसतात. औषधी तेल याच बियांचे. कवंडळ वेलीवर चेंडूसारखे लटकते. आधी हिरवे, पट्ट्यापट्ट्यांचे, मग लालभडक. तिरफळाचे हिरवे घोस, अंबाडे, कुड्याच्या जोडीने लटकणाऱ्या लांब शेंगा, घागरीच्या वाजणाऱ्या शेंगा, शेरवडाची पांढरी पाने, भेरली माडाच्या मण्यांसारख्या माळा, कळलावीची ज्वाळेसारखी फुले. घरागणिक यादी बदलते आणि नावेही. नदीच्या एका काठाचे नाव दुसऱ्या काठाला कळेलच असे नाही.

यातल्या तिघांशी सांभाळून वागायला हवे.

कळलावी, म्हणजेच अग्निशिखा किंवा वाघनखी, दिसायला सर्वांत देखणी आणि सर्वांत धोकादायक. तमिळनाडूचे हे राज्यफूल. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे विष असते. गाउट या सांधेदुखीवर अगदी मोजून दिले जाणारे औषध तेच. प्रमाण चुकले तर जीव घेणारे. फुलाचा वेल टांगायला हरकत नाही, पण कंद उपटून आणू नये, हात धुवावेत आणि गळलेली पाने-फुले नैवेद्याच्या ताटाजवळ पडू देऊ नयेत. भेरली माडाच्या फळांत सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. फळ चिरडले आणि रस हाताला लागला की आग-खाज सुटते. माळ देठाला धरून बांधायची, मणी ओढायचे नाहीत. कवंडळ कडू जहर. लाल चेंडू पाहून मुलांना मोह होतो, म्हणून ते उंच टांगतात. तिरफळाचे फळ बापडे निरुपद्रवी, पण झाडाच्या खोडाला जाड काटे असतात आणि ते पावसात निसरडे होते.

पूर्वी ही माहिती कुणी वेगळी शिकवत नसे. चतुर्थीच्या आदल्या एक-दोन दिवसांत घरातला जाणता माणूस मुलांना घेऊन रानात जाई. कुठला वेल कुठे, काय तोडायचे, कशाला हात लावायचा नाही, हे चालता चालता कळे. माटवी ही त्या अर्थाने वर्षातून एकदा होणारी हजेरी होती : आपल्या गावाभोवती काय काय उगवते, ते अजून आहे की नाही, याची. एखाद्या वर्षी कांगणी मिळाली नाही, की 'खंय गेली?' हा प्रश्न आपोआप निघे.

मग कांगणी गेली कुठे?

यातल्या बऱ्याच वेली दाट जंगलात वाढत नाहीत. त्यांना कडा लागतात : शेताचा बांध, पाणंद, जांभ्या दगडाचा कोरडा गडगा. गडग्याच्या फटींत माती साचते, पक्ष्यांनी टाकलेले बी रुजते आणि वेल वर चढतो. गडग्याच्या जागी सिमेंटची भिंत आली की हे थांबते. पाणंद रुंद होऊन रस्ता झाला की कडेची झुडपे जातात. गवत कापायला पूर्वी विळा चाले. विळ्याचा हात शेरवडापाशी थबके. ग्रासकटरला तो फरक कळत नाही. काजू-आंब्याच्या बागांत तणनाशक मारले, तर प्रश्नच मिटला. यापैकी कोणीही माटवीच्या विरोधात काही केलेले नाही. प्रत्येकाचे कारण रास्त आहे.

दुसरीकडे रानात जाणारे हातही कमी झाले. चाकरमानी चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुडाळ स्टेशनवर उतरतो, तेव्हा रानात जायला वेळ नसतो. मग कुडाळ, सावंतवाडी, मालवणच्या बाजारात माटवीचे सामान विकत मिळते. गोव्यात माटोळीचा असाच मोठा बाजार म्हापसा, फोंडा, डिचोलीला भरतो. या बाजाराला नावे ठेवणे सोपे आहे, योग्य मात्र नाही. डोंगराकडच्या गावांतल्या बायका पहाटे भारे घेऊन येतात, त्यांच्या हातात चार पैसे पडतात आणि ज्यांच्या घराभोवती काहीच उरलेले नाही त्यांच्या माटवीला कवंडळ मिळते.

अडचण तोडण्याच्या पद्धतीत आहे. घरासाठी तोडणारा दोन घोस घेतो आणि वेल पुढच्या वर्षासाठी ठेवतो, कारण पुढच्या वर्षी त्यालाच परत यायचे असते. बाजारासाठी तोडताना घाई असते. वेल मुळापासून ओढला जातो. पिकायच्या आत सगळी फळे गेली, तर बी पडत नाही आणि पक्ष्यांनाही काही उरत नाही. विकत घेणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे : जुडीत मुळे-कंद दिसले तर ती घ्यायची नाही आणि का नको ते विकणारीला सांगायचे. एक-दोन गिऱ्हाइकांनी सांगितले तर फरक पडणार नाही. वीसजणांनी सांगितले तर पुढच्या वर्षी कंद येणार नाहीत.

जास्त फळे म्हणजे चांगली माटवी?

गोवा सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते. तिथे शेकडो प्रकारची फळे, पाने, मुळे जमवून देवळांचे, देवतांचे, वाद्यांचे आकार उभे केले जातात. कौशल्य थक्क करणारे असते आणि अनेक विसरलेल्या वनस्पतींची नावे या स्पर्धेमुळे पुन्हा ऐकू आली, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण संख्येला गुण मिळू लागले की दुर्मिळ ते हवेसे वाटते आणि दुर्मिळ वनस्पतीला हवेसे वाटणे परवडत नाही. घरच्या माटवीला तो निकष लावायचे कारण नाही. स्वतः ओळखून आणलेल्या पंधरा वस्तू, नाव न कळता विकत घेतलेल्या शंभर वस्तूंपेक्षा जास्त काही सांगतात.

मग मुंबईहून आणलेली सफरचंदे टांगायची का? खुशाल टांगावीत. परंपरेच्या शुद्धतेची फार काळजी करण्यात अर्थ नाही, कारण ती शुद्ध कधीच नव्हती. अननस, पेरू, पपई, चिकू हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. नीरफणस प्रशांत महासागरातल्या बेटांकडचा. पपनस आग्नेय आशियातले. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अननस इतका महाग होता की मेजवानीच्या टेबलावर मिरवायला तो एका संध्याकाळीपुरता भाड्याने आणत. तोच आज वालावलच्या माटवीत पेरूशेजारी लटकतो आणि कुणाला परका वाटत नाही. उलट महाळुंग हे जुने मानाचे फळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात तेच आहे. ज्यू लोक सुकोथच्या सणात पालापाचोळ्याच्या छताखाली फळे टांगतात आणि त्यांच्या पूजेत महाळुंगाच्याच जातीचे फळ हातात धरतात. हा सणही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध जोडायची गरज नाही. पीक हाती येताना ते छताला टांगून पाहावेसे वाटणे हे माणसाला सुचणारच.

प्लास्टिकच्या फळांचे तसे नाही. ती दरवर्षी तीच, त्याच जागी. त्यांना चतुर्थी २७ ऑगस्टला आली काय नि १४ सप्टेंबरला आली काय! २०१८ मध्ये महाराष्ट्राने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली तेव्हा माटवी बांधणाऱ्या घरांना बदलावे असे काही लागले नव्हते.

माटवी उतरवल्यावर

विसर्जन झाले की चौकट उतरते आणि सगळ्यांत आनंदाचे काम सुरू होते. नारळ, केळी, पेरू प्रसाद म्हणून शेजारीपाजारी आणि भावकीत वाटले जातात. अंबाड्यांचे रायते होते, तवशाची गुळाची धोंडस. बेडे उन्हात वाळवायला जातात. पिकलेली कवंडळे आणि कांगणीच्या बिया कचऱ्यात न टाकता परसातल्या गडग्याच्या मुळाशी टाकल्या, तर त्यातल्या काही रुजतात. आधी थोडी माती उकरली तर अधिक. टाळ आणि पाने माडाच्या आळ्यात.

तिरफळाचे घोस तेवढे वेगळे काढून ठेवायचे. अकरा दिवसांत ते अर्धे सुकलेले असतात. आणखी दोन उन्हे दाखवली की टरफले उकलतात, आतले काळे बी झटकून टाकायचे आणि टरफले बरणीत भरायची. गणपती गेले की घरात पुन्हा मासळी येते आणि पहिल्या बांगड्याच्या तिखल्यात ती लागतात.